त्याने आपली आठवण ठेवली

हे हस्तलिखित माझ्या हाती आले तेव्हा त्याला नाव नव्हते. वहीच्या पानांवर, टाइप केलेल्या कागदांवर, एक तर किराणा दुकानाच्या पावतीच्या मागच्या बाजूला, अशी चाळीस जणांनी लिहिलेली चाळीस मनने होती. लिहिणाऱ्यांत एक निवृत्त एसटी कंडक्टर आहेत, दोन परिचारिका आहेत, पहाटेच्या लोकलने दादरला भाजी घेऊन जाणाऱ्या एक बाई आहेत, बारावीला असलेली एक मुलगी आहे. संपादकांनी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला होता : देवाने तुम्हाला कधी वाचवले?

उपवासकाळाच्या पुस्तकासाठी हा प्रश्न मला आधी आडवळणाचा वाटला. आम्हाला लहानपणापासून ओळखीचा प्रश्न निराळा होता : या वर्षी काय सोडणार? कोणी मटण सोडी, कोणी मासळी, कोणी विडी. आम्हा मुलांच्या वाट्याला गोळ्या आणि चॉकलेट. राखेच्या बुधवारी घराघरांत हे ठरे आणि पुढचे सहा आठवडे ते पाळले जाते की नाही यावर आईची आणि आजीची नजर असे. त्या शिस्तीबद्दल मला आजही आदर आहे. पोटाला चिमटा काढून पाहिल्याशिवाय भुकेल्या माणसाबद्दल बोलू नये, असे मी मानतो. पण पन्नासेक उपवासकाळ पाळून झाल्यावर एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्यातली बरीच वर्षे माझे डोळे माझ्यावरच खिळलेले होते. माझी पापे, माझा निग्रह, माझे मोडलेले संकल्प. देव त्यात होता, पण हिशेब तपासायला बसलेल्या माणसासारखा, कोपऱ्यात.

हे चाळीस लेख वाचताना माझी मान कोणीतरी हळूच दुसरीकडे वळवली. त्याबद्दल या लेखकांचे ऋण आहे आणि ही प्रस्तावना त्या ऋणापोटीच लिहीत आहे.

राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थानाच्या आदल्या दिवसापर्यंत दिवस मोजले तर ते ४६ भरतात. त्यातले सहा रविवार वगळायचे, कारण रविवार हा प्रभू उठल्याचा वार. त्या दिवशी उपास नाही. उरतात ते चाळीस. नोहाच्या काळी पाऊस कोसळला तो चाळीस दिवस, मोशे सीनाय पर्वतावर राहिला तो चाळीस दिवस, एलिया होरेबकडे चालला तो चाळीस दिवस, येशू रानात उपाशी राहिला तो चाळीस दिवस. ३२५ साली निकाया येथे भरलेल्या परिषदेच्या नियमांत या चाळीस दिवसांचा उल्लेख आहे. पहिल्या काही शतकांत हा काळ मुख्यतः पुनरुत्थानाच्या रात्री बाप्तिस्मा घेणाऱ्यांच्या तयारीचा होता. ज्यांचा बाप्तिस्मा आधीच झालेला होता ते त्यांच्या सोबतीने उपास करीत आणि स्वतःचा बाप्तिस्मा आठवीत. म्हणजे सुरुवातीपासून या काळाच्या मुळाशी आठवणच आहे.

चौथ्या शतकाच्या अखेरीस एगेरिया नावाची एक बाई पश्चिमेकडून निघून यरुशलेमला यात्रेला पोहोचली. तिथे जे पाहिले ते तिने आपल्या मागे राहिलेल्या भगिनींसाठी लिहून ठेवले. प्रभूच्या मरणाच्या शुक्रवारी क्रूसाचे लाकूड एका मेजावर ठेवत. बिशप बसून ते दोन्ही हातांनी धरत, भोवती डीकन उभे राहून पहारा देत. लोक एकेक करून येत, वाकून त्याला आधी कपाळ आणि मग डोळे लावत, चुंबन घेत आणि पुढे जात. पहारा एवढ्यासाठी की पूर्वी कोणीतरी चुंबन घेता घेता लाकडाचा तुकडा दातांनी तोडून नेला होता, असे तिने ऐकले होते. मग दुपारी बारापासून तीनपर्यंत दुःखसहनाची वचने वाचली जात आणि लहानथोर सगळे रडत.

तो दातांनी तोडलेला तुकडा मला विसरता येत नाही. त्या माणसाने चूक केली यात शंका नाही. पण आपल्याला वाचवणाऱ्या प्रेमाचा एखादा कपटा तरी घरी न्यावा, उशाशी ठेवावा, ही ओढ मला परकी वाटत नाही. ज्यांना यरुशलेमला जाणे शक्य नव्हते त्यांच्यासाठी पुढे फ्रान्सिस्कन साधूंनी क्रूसाची वाट गावोगाव नेली, ती याच ओढीने. १७३१ साली तिची चौदा स्थाने ठरली. आज वसईच्या कुठल्याही चर्चमध्ये भिंतीवर ती चौदा चित्रे दिसतील, आणि उपवासकाळातल्या शुक्रवारी संध्याकाळी शेतावरून, कामावरून थेट आलेली माणसे एकेका चित्रापुढे गुडघे टेकताना दिसतील. गोव्यात गोवा वेल्हा येथे उपवासकाळाच्या पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी संतांच्या मूर्तींची मिरवणूक निघते आणि तिला दूरदूरचे लोक येतात. आठवणीला पाय लागतात, खांदे लागतात. नुसती डोक्यात ठेवलेली आठवण फार दिवस टिकत नाही.

इथे आपल्या भाषेने मला मदत केली. मराठीत आठवण आपण काढतो, ठेवतो, करून देतो. पण बहुतेक वेळा ती येते. तिच्यावर आपला ताबा नसतो. आणि लहानपणी उचकी लागली की आई म्हणे, कोणीतरी तुझी आठवण काढतंय. आठवणीला दोन टोके असतात हे त्या वाक्यात किती सहज येऊन गेले आहे! तिकडे कोणीतरी आठवण काढतो, इकडे आपल्याला उचकी लागते. बायबलमधली आठवण मला अशीच दिसते, आणि तिथे आधी आठवण काढणारा देव आहे. जलप्रलय ओसरायला लागतो तो देवाला नोहाची आठवण झाली म्हणून. मिसर देशात गुलामगिरीत कण्हणाऱ्या लोकांचा आक्रोश ऐकून देवाला आपला करार आठवतो आणि तिथून निर्गमाची कथा सुरू होते. हन्नाची कूस उजवते तीही देवाने तिची आठवण केली म्हणून. हिब्रूत आठवणीसाठी 'जाखर' हा धातू आहे. देवाच्या बाबतीत तो आला की पुढच्या वाक्यात काहीतरी घडते : पाणी उतरते, वेठ सुटते, मूल जन्मते. आठवणे आणि धावून जाणे या दोन वेगळ्या क्रिया तिथे उरत नाहीत.

आपण उपवासकाळात जे काही करतो ती या टोकाची उचकी आहे. त्याने आधी आठवण काढली. हे ध्यानात आल्यापासून माझी प्रार्थना बदलली.

राखेचा विधीही मग वेगळा दिसू लागतो. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी मिरवलेल्या, वर्षभर घरातल्या क्रूसामागे खोचून ठेवलेल्या झावळ्या जाळून ही राख होते. धर्मगुरू ती कपाळी लावताना तू माती आहेस याची आठवण देतात. तरुणपणी त्या शब्दांनी माझ्या अंगावर काटा येई. पुढे १०३वे स्तोत्र नीट वाचले तेव्हा कळले की आपण माती आहोत हे देवालाही आठवते, आणि आठवते म्हणूनच त्याला आपल्याबद्दल बापासारखा कळवळा येतो. एकच आठवण; आपल्याला ती नम्र करते, त्याला ती द्रवायला लावते. या संग्रहात तिसऱ्या दिवशीचे मनन एका आजींचे आहे. त्यांच्या घरी अजून चूल आहे. राख म्हटल्यावर त्यांना मरण आधी आठवत नाही, पितळी भांडी आठवतात. चुलीतली चाळलेली राख आणि नारळाची शेंडी घेऊन घासली की तांब्या आरशासारखा लखलखतो, असे त्या लिहितात, आणि लगेच पुढच्या विषयाकडे वळतात. मी मात्र त्या ओळीपाशी बराच वेळ थांबलो.

आता त्या मोठ्या शब्दाकडे येतो. तारण. मराठी बायबल वाचणाऱ्याला हा शब्द पावलोपावली भेटतो आणि सवयीने बोथट होतो. तालुक्याच्या गावात पतपेढीच्या पाटीवर 'सोने तारण कर्ज' असे लिहिलेले असते; थोडे पुढे गेले की चर्चच्या पाटीवर 'तारणारा येशू'. दोन्ही पाट्या मी आयुष्यभर वाचत आलो, पण त्या एकमेकींशेजारी ठेवून कधी पाहिल्या नव्हत्या. एका तारणात पैलतीराला नेणे आहे, बुडणाऱ्याला तारणे आहे. दुसऱ्यात गहाण पडलेली वस्तू आहे. ज्या घरांत पावसाळ्याआधी बी-खतासाठी आईच्या पाटल्या सावकाराकडे जात आणि पीक आल्यावर परत येत, त्या घरांतल्या मुलांना हे दुसरे तारण समजावून सांगावे लागत नाही. पाटल्या घरी आल्या त्या दिवशीचा आईचा चेहरा त्यांनी पाहिलेला असतो. दागिना 'सोडवून आणला', असेच आपण म्हणतो, आणि कैद्यालाही सोडवूनच आणतो.

बायबलमधले तारणही अशाच व्यवहारातून आलेले आहे. इस्राएलात गरिबीमुळे कोणाची जमीन गेली, कोणी स्वतःलाच विकून गुलाम झाला, तर त्याला सोडवण्याची जबाबदारी सर्वांत जवळच्या नातलगावर असे. त्या नातलगाला 'गोएल' म्हणत. रूथच्या पुस्तकात बवाज गावाच्या वेशीत दहा वडीलधाऱ्यांसमोर ही जबाबदारी उचलतो. त्याच्याहून जवळचा जो नातलग होता तो नुकसानीच्या भीतीने मागे सरतो आणि रिवाजाप्रमाणे आपल्या पायातले पायताण काढून देतो. मोआबातून आलेली परदेशी विधवा आणि तिची म्हातारी सासू यांचे तारण अशा एका पायताणाच्या देवघेवीत झाले. पुढे यशया संदेष्टा देवालाच गोएल म्हणू लागतो.

मला वाटते, ख्रिस्ती श्रद्धेचे सगळे मर्म इथे आहे. सावकार वस्तू अडकवून ठेवतो. सोडवायला घरचा माणूस लागतो. देवाला आपल्याला सोडवायचे होते म्हणून तो आधी आपला नातलग झाला. आपल्या हाडामांसाचा, आईच्या पोटी जन्मलेला, सुताराच्या घरात वाढलेला, थकणारा, विहिरीच्या काठावर टेकून पाणी मागणारा. आणि मागे सरण्याची वेळ गेथशेमाने बागेत आली तेव्हा त्याने पायताण काढून दिले नाही. आपले मोल त्याने आपल्या जिवाने भरले. उपवासकाळात प्रायश्चित्त करायचे ते या सोडवणुकीच्या बदल्यात नव्हे. मोल केव्हाच भरले गेले आहे. सोडवून आणलेल्या पाटल्या पुन्हा सावकाराच्या पेटीत जाऊ नयेत, एवढ्यासाठी ते आहे.

ही आठवण आपण एकट्याने जपलेली नाही, हेही मोकळेपणाने सांगायला हवे. प्रभूने शेवटचे भोजन केले ते वल्हांडणाच्या सणाच्या वेळी. यहुदी घरांत त्या रात्री सर्वांत धाकटे मूल प्रश्न विचारते आणि घरातला वडील निर्गमाची कथा सांगतो. प्रत्येक पिढीतल्या प्रत्येकाने आपण स्वतःच मिसर देशातून बाहेर पडलो असे मानायचे असते. आपल्या कोकणात शतकानुशतके तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून 'शनवार तेली' म्हणून ओळखले गेलेले बेने इस्राएल लोक मराठी बोलत आले. १८७४ साली पुण्यात त्यांच्यासाठी वल्हांडणाच्या रात्रीची पोथी हिब्रू आणि मराठीत छापली गेली. तिच्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका साड्या नेसलेल्या आहेत. मिसरातून सुटल्याची कथा अशी साडी नेसून आपल्या अंगणात बसलेली होती.

आणि तरीही जगभरच्या ख्रिस्ती लोकांनी शुक्रवारच्या आठवणीचा उपयोग कित्येक शतके याच लोकांविरुद्ध केला. क्रूसाची कथा ऐकून चर्चमधून बाहेर पडलेल्या जमावांनी यहुदी वस्त्यांवर हल्ले केले. गोव्यात १५६० साली सुरू झालेल्या इन्क्विझिशनने यहुदी वंशाच्या नवख्रिस्तींना छळले आणि आपल्याच मातीतल्या माणसांनाही. शुक्रवारच्या प्रार्थनेतला यहुद्यांना दूषण देणारा शब्द पोप तेविसावे जॉन यांनी १९५९ साली काढून टाकला आणि २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्पष्ट केले की येशूच्या मरणाचा दोष त्या काळच्या सगळ्या यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर टाकता येणार नाही. फार उशीर झाला होता. उपवासकाळ पश्चात्तापाचा असेल तर हा पश्चात्तापही त्यात बसला पाहिजे. ज्या आठवणीतून दुसऱ्याचा द्वेष निपजतो ती तारणाची आठवण असूच शकत नाही.

पश्चात्तापाबद्दल या संग्रहातली सर्वांत उत्तम पाने पेत्रावर आहेत. ती त्या कंडक्टरांनी लिहिली आहेत. मुख्य याजकाच्या अंगणात शेकोटीपाशी पेत्राने तीनदा प्रभूला नाकारले. कोंबडा आरवला. लूक सांगतो की त्या क्षणी प्रभूने वळून पेत्राकडे पाहिले, पेत्राला प्रभूचे शब्द आठवले आणि तो बाहेर जाऊन ढसाढसा रडला. त्याच रात्री धरून दिलेल्या गुरूबद्दल यहुदालाही पस्तावा झाला होता. त्याने तीस रुपये परत नेले, आपण निरपराध माणसाचा घात केला असे तोंडाने कबूलही केले. कबुलीच्या बाबतीत तो पेत्राच्या पुढेच होता म्हणा ना. मग एकाचा शेवट गळफासात आणि दुसऱ्याचा मंडळीचा पाया होण्यात का झाला? कंडक्टरकाका लिहितात की यहुदाला फक्त आपले पाप आठवले, पेत्राला मात्र ती नजर आठवली. मी धर्मशास्त्राची पुष्कळ पुस्तके वाचली आहेत. याहून नेमके उत्तर माझ्या वाचनात नाही. यहुदाच्या अंतिम गतीचा न्याय करणे आपले काम नाही. पण आपल्यापैकी कितीजण उपवासकाळ यहुदासारखा पाळतात, याचा विचार मी या पानांनंतर करू लागलो.

तिसऱ्या रविवारी, वाचनांच्या 'अ' वर्षात, शोमरोनी स्त्रीची कथा येते. भर दुपारी याकोबाच्या विहिरीवर येशू तिच्याकडे पाणी मागतो. यहुदी माणसे शोमरोन्यांची भांडी वापरत नसत. विहीर, भांडे, विटाळ हे तीन शब्द एकत्र आले की मराठी वाचकाला तळटीप लागत नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तो दिवस कॅलेंडरवर पाहिला तर त्या वर्षीच्या उपवासकाळातला तिसरा रविवार होता. त्या संघर्षावर ख्रिस्ती अर्थ लादण्याचा मला अधिकार नाही आणि तसे करूही नये. पण ही तारीख मला ठाऊक झाल्यापासून तिसऱ्या रविवारी ती कथा ऐकताना माझ्या मनात आपल्याच चर्चमधल्या बाकांची, आपल्याच दफनभूमीतल्या कोपऱ्यांची, आपल्याच सोयरिकींची चौकशी सुरू होते. जात आपण बाप्तिस्म्याच्या पाण्यातही बुडू दिलेली नाही. ज्याने विटाळ मानल्या गेलेल्या हातून पाणी मागितले, त्याच्या तारणाची आठवण काढणाऱ्यांनी याचे उत्तर द्यायचे आहे.

बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकात कायदा सांगताना एक कारण पुन्हा पुन्हा दिले आहे. शेतात विसरलेली पेंढी परत उचलायला जाऊ नकोस, ती परक्याला, पोरक्याला, विधवेला राहू दे. कारण तूही मिसरात गुलाम होतास, हे आठव. म्हणजे सुटकेची आठवण ही भावना राहत नाही, तिचा कायदा होतो. याचे माझ्या ओळखीचे सर्वांत मोठे उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आई-वडील आणि थोरली बहीण अन्नावाचून गेली. रमाबाई आणि त्यांचा भाऊ देशभर पायी भटकले. पुढे १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तिथे गेल्या आणि उपासमारीत सापडलेल्या शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावला त्यांनी जे उभारले त्याचे नाव 'मुक्ति'. स्वतःच्या भुकेची आठवण त्यांनी दुसऱ्यांच्या भुकेसाठी खर्च केली. त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत बायबल आणले. मुक्तीच्या छापखान्यात बायकाच खिळे जुळवीत. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, तेव्हा उपवासकाळाचा अखेरचा टप्पा चालू होता. ते बायबल त्यांच्या पश्चात वाचकांच्या हाती पडले.

यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात देव विचारतो की मला आवडणारा उपास कोणता, आणि मग बेड्या तोडण्याचे, भुकेल्याला भाकरी देण्याचे, उघड्याला वस्त्र देण्याचे बोलतो. राखेच्या बुधवारनंतरच्या पहिल्याच शुक्रवारी हे वाचन असते. सोडलेल्या मटणाचे पैसे कुठे गेले, हा प्रश्न त्या दिवशी घरात विचारला जावा.

मराठीतून ही आठवण सांगण्याची परंपरा मोठी आहे, म्हणून या पुस्तकाच्या भाषेबद्दल दोन शब्द. १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने तारणाची सगळी कथा सुमारे अकरा हजार ओव्यांत सांगितली. ते 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. रोमन लिपीत, पण ओवी आपली, शब्दकळा आपली. स्वर्गाला तो 'वैकुंठ' म्हणतो. पुढे १६४९ आणि १६५४ साली त्याच्या आवृत्त्या निघाल्या. १६८४ साली पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषा दडपण्याचे फर्मान काढले. त्या जुन्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. तरी पुराण मेले नाही. मंगळूरकडच्या ख्रिस्ती घरांत लोकांनी ते हाताने उतरवून ठेवले, गायले, आणि तशा हस्तलिखितांवरूनच १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापता आले. छापखाने विसरले ते घरांनी लक्षात ठेवले. नारायण वामन टिळकांनी 'ख्रिस्तायन' हाती घेतले आणि अपुरे ठेवून ते १९१९ साली गेले, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. आपल्या भाषेत ही कथा कोणी ना कोणी दुसऱ्याच्या हातून घेऊन पुढे सांगत आले आहे.

या संग्रहातले सगळे लेख सारख्या ताकदीचे नाहीत. काही लेखकांनी प्रवचनातली वाक्ये उसनी घेतली आहेत आणि त्यांचा स्वतःचा आवाज त्यात दबला आहे. संपादकांनी ते लेख गाळले नाहीत, हे मला पटले. ज्याला स्वतःचे शब्द सापडत नाहीत तोही वाचवला गेलेला असतो. मात्र ज्यांनी नेमकेपणाने लिहिले आहे त्यांची पाने चटका लावणारी आहेत. दारू सुटल्याची कथा आहे, कोविडमध्ये नवरा गेल्यावर शेजारच्या मुस्लिम कुटुंबाने चौदा दिवस डबा पोहोचवल्याची आहे, आणि कसलाही चमत्कार न घडता केवळ दिवस ढकलत गेल्याची आहे. ती शेवटची मला सर्वांत खरी वाटली. लिहिणाऱ्या बाईंचा मुलगा परत आलेला नाही. देवाने तुम्हाला कधी वाचवले या प्रश्नाला त्यांचे उत्तर तीन ओळींचे आहे : वधस्तंभावरच्या चोराने माझी आठवण ठेव एवढेच मागितले, मीही तेवढेच मागते, रोज. त्या चोराला उत्तर त्याच दिवशी मिळाले. बाईंना अजून मिळायचे आहे. त्यांच्या लेखाखाली काहीही टीप न देण्याचा निर्णय मी संपादकांना सुचवला आणि त्यांनी तो मानला.

वाचकांना एक विनंती. हे पुस्तक एका बैठकीत वाचू नका. रोज एक पान, शक्यतो रात्रीच्या जेवणानंतर, घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असे मोठ्याने वाचा. वाचणारा रोज बदलू द्या. शेवटचे चाळिसावे मनन पुनरुत्थानाच्या आदल्या शनिवारचे आहे. त्यानंतरचे पान कोरे ठेवले आहे. त्या दिवशी रात्रीपर्यंत कुठल्याही चर्चमध्ये मिस्सा होत नाही, वेदी उघडी असते, घंटा गप्प असतात. त्या पानावर तुमच्या घरातली, वाडीतली, आळीतली अशी नावे लिहा की ज्यांची आठवण आता कोणी काढत नाही : लवकर गेलेले, घर सोडून गेलेले, ज्यांच्याशी बोलणे तुटले आहे ते. आणि रात्री पास्काच्या जागरणाला येताना ते पान सोबत आणा.